वर्णरेखेचं लॉक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडून मशीन सुरू केलं आणि पडद्यावर एक लहानशी चौकट आली. लॉक सापडलं नाही, कृपया आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधा. मी हसलो, कारण विक्रेता मीच. खामगाव तालुक्यासाठी वर्णरेखा सॉफ्टवेअरचा अधिकृत विक्रेता, अशी पाटी माझ्या दुकानावर आजही आहे. तिचा निळा रंग उडून पांढुरका झाला, तरी अक्षरं शाबूत आहेत. मशीन बंद करून परत सुरू केलं, चौकट परत आली. मग टेबलाखाली वाकून मागचं लॉक उपसलं. लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान, राखाडी रंगाची डबी. प्रिंटरची जुनी रुंद वायर लागते त्या जागी ती खोचायची. ती असली तर वर्णरेखा उघडते, तिच्यात टाइप केलेलं दिसतं. नसली तर सगळं मुकं. डबीच्या पिनांमध्ये लाल गाळ बसला होता. त्यात अक्षतेचा एक तुकडा अडकला होता. मी तसाच टेबलाखाली बसून राहिलो. वर यावंसं वाटेना.

खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपलं हत्यार पुजायचं. जिनिंगवाले जिनं पुजतात, चांदीवाले हातोड्या आणि तराजू. वडील भिक्षुकी करायचे, ते पोथ्या आणि पळी-पंचपात्र मांडायचे. माझं हत्यार कोणतं? कीबोर्ड दरसाल बदलतो, माउसला तर आयुष्यच नसतं. जे मी पदरमोड करून घेतलं, ज्याच्यावर घर चाललं, ते लॉक. म्हणून दरवर्षी ते ताम्हणात विड्याच्या पानावर ठेवायचं, ही रीत स्नेहलतेनं, माझ्या बायकोनं, पाडलेली. ती पिनांना कागद गुंडाळायची आणि वरच्या बाजूला करंगळीनं कुंकवाचा ठिपका लावायची. ती गेल्यावर दोन वर्षं मी पूजा केली नाही. यंदा घरात लग्न आहे म्हणून केली, आणि वडिलांच्या पद्धतीनं यथासांग केली. फुलानं पाणी शिंपडलं, गंध लावलं, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. पुजलेल्या हत्याराला दसरा होईस्तोवर हात लावायचा नसतो, म्हणून ते तसंच भिजत राहिलं. दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटून आल्यावर मी ते पुसलं, तेही वरवर, आणि जागच्या जागी खोचून दिलं. आता देवाला दोष द्यायची सोय नाही. पण एवढ्या मोठ्या कंपनीनं आपला जीव इतक्या लहान डबीत का ठेवावा, असा राग मात्र मला आला.

दुसरं काही अडलं असतं तर मी एवढा हादरलो नसतो. लग्नपत्रिका आता फोनवरही होतात. पण त्या मशीनमध्ये हिमानीचं मंगलाष्टक होतं. हिमानी माझी एकुलती मुलगी, अकोल्याला बँकेत आहे. तुळशीचं लग्न झालं की तिचं लग्न. स्नेहलता अर्ध्या गावाला मंगलाष्टकं लिहून द्यायची. दोन्हीकडच्या काका-आत्यांची, मामा-मावशांची नावं घेऊन लोक यायचे, आणि ती टेबलावर बोटं आपटत ती नावं चालीत बसवायची. एखादं नाव बसेना तर दिवसभर गप्प असायची. स्वतःच्या मुलीचं तिनं दुखण्यात असताना लिहिलं, वराच्या नावाची जागा मोकळी ठेवली, आणि स्थळ ठरलं की भरू म्हणाली. कागदावर उतरवायची तिला सवयच नव्हती. हिमानीला एकदा म्हणून दाखवलं होतं, तिला चाल आठवते आणि मधले दोन-चार शब्द. साखरपुडा ठरला त्या दिवशी तिनं मला एकच सांगितलं, की बाकी काही करा, नका करू, मांडवात आईचंच म्हणायचं. मी म्हटलं, आहे की मशीनमध्ये. स्नेहलता गेल्यापासून ती फाइल उघडायचा मला धीर झाला नव्हता. नाव रोज दिसायचं आणि मी पुढे सरकायचो.

मग चार दिवस मी जे केलं ते सांगण्यासारखं नाही. ब्रशनं पिना साफ केल्या, स्पिरिट लावलं, तांदळाच्या डब्यात लॉक पुरून ठेवलं, उन्हात ठेवलं. पाटीवरचा नंबर लावला. तो अस्तित्वात नाही असं एक बाई गोड आवाजात तीन भाषांत सांगत होती. दुसऱ्या मशीनवर फाइल उघडून पाहिली तर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मधेच एखादं इंग्रजी अक्षर. त्या कचऱ्यात माझ्या बायकोचा शब्द कुठेतरी आहे हे कळत होतं आणि त्यातला एकही वाचता येत नव्हता. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत नळी घातल्यावर ती काहीतरी सांगायची आणि मला कळायचं नाही. मी मान डोलवायचो, आणि मला कळलेलं नाही हे तिला कळायचं. मी मशीन झाकून टाकलं.

ते मशीनही काय आहे म्हणा. त्याच्या डब्यावर अजून कंपन्यांचे स्टिकर आहेत. मॉनिटर ज्या कंपनीचा, तिचं नाव एके काळी मॉनिटरलाच पडलं होतं, दुसरा कोणता असतो हे लोकांना ठाऊक नव्हतं. आतल्या डिस्कची कंपनी दुसरीनं गिळली, त्या दुसरीला तिसरीनं. प्रिंटर करकर वाजत ज्या कंपनीचं नाव मिरवायचा, तिचा सुटा भाग आता भंगारातही मिळत नाही. या सगळ्या आपापल्या काळात राजासारख्या होत्या. त्यांची माणसं टाय लावून यायची, कॅलेंडरं द्यायची, आमच्याशिवाय जग चालत नाही असं पोटतिडकीनं सांगायची. मला त्यांचं दुःख नव्हतं. त्या परक्या होत्या, दूर कुठेतरी मोठ्या झाल्या आणि दूरच मेल्या. वर्णरेखा आपली होती. तिनं मराठी पडद्यावर आणलं. नागपूरला विक्रेत्यांचा मेळावा झाला तेव्हा मालकांनी स्टेजवरून सांगितलं होतं, तुम्ही ग्राहक नाही, घरचे आहात. मी कोट शिवला होता आणि स्नेहलता पैठणीत होती. जेवताना मालक आमच्या टेबलाशी आले, तिची मंगलाष्टकं त्यांनी कुठून तरी ऐकली होती, ते हात जोडून तिला म्हणाले की तुमच्यासाठीच आम्ही ही अक्षरं घडवली. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी एकटाच बोलत होतो.

त्या काळी असं एक वर्तमानपत्र नव्हतं, एक कचेरी नव्हती, जिथे वर्णरेखा नाही. टायपिंगच्या मुली तिचाच कीबोर्ड शिकायच्या. मी बुलढाण्याला गेलो काय, चिखलीला गेलो काय, मोटारीतून पाट्या वाचत जायचो. अमडापूरच्या बाजारात खताच्या दुकानावर, वडनेर भोलजीला शाळेच्या भिंतीवर, सगळीकडे तीच गोल पोटाची अक्षरं. मला ती आपल्या पोरांसारखी वाटायची, हे मी इथे उघडच लिहितो. एवढी अक्षरं दिसतात आणि आपल्याकडून लॉक घेतलेले लोक मात्र बोटांवर मोजण्याइतके कसे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. म्हणजे पडला एकदा. मी तो शेखरला विचारला होता.

शेखर म्हणजे कंपनीचा माणूस. नागपूरहून यायचा, जलंबला उतरून आमच्या लहान रेल्वेगाडीनं खामगावात पोचायचा, आणि हॉटेलात न उतरता थेट घरी. पहिल्यांदा आला तेव्हा हडकुळा पोरगाच होता. स्नेहलतेनं त्याला वरणफळं वाढली. त्यानं तीनदा मागून घेतली. तिला भाऊ नव्हता. पुढच्या राखीला तो आपणहून आला, आणि मग तो तिचा भाऊच झाला, हिमानीचा मामा झाला. हिमानीला तो हिमू म्हणायचा, तिचं जावळ त्याच्या मांडीवर काढलं. तर त्याला मी विचारलं होतं, की शेखर, माल का खपत नाही? तो म्हणाला होता, भाऊजी, या गावाले मराठीची कदर नाही. चोरीच्या कॉप्या फिरतात म्हणे, मी म्हणालो. तो म्हणाला, त्यात जोडाक्षरं फुटतात आणि फाइली सहा महिन्यांत मरतात, तुम्ही तिकडे पाहूच नका. मी पाहिलं नाही. गावात फरशी म्हणतात त्या भागात नागसेनचं डीटीपीचं दुकान निघालं, ते धडाक्यात चाललं. त्याच्याकडे चोरीची कॉपी आहे हे गावाला माहीत होतं. मी त्या दुकानाची पायरी कधी चढलो नाही. एक लॉक, एक मशीन, हा कंपनीचा नियम मी घरीसुद्धा पाळला. घरी दुसरं मशीन होतं. स्नेहलता म्हणायची, त्यावरही टाकून द्या काहीतरी, मला घरी बसून लिहिता येईल. मी तिला प्रामाणिकपणावर भाषण द्यायचो. ती ऐकून घ्यायची.

मग फोन आले. फोनमध्ये मराठी फुकट आलं, कोणीही उठावं आणि अंगठ्यानं लिहावं. कंपनीची पत्रं यायची थांबली, मग कॅलेंडर थांबलं. एक दिवस पेपरात कोपऱ्यात वाचलं की वर्णरेखा बाहेरच्या कोणीतरी विकत घेतली. मला वाटलं आता नवीन लॉक येतील. काहीच आलं नाही. त्यांनी अक्षरं ठेवून घेतली आणि बाकीचं बंद केलं, असं नंतर कळलं. घरच्यांना कोणी कळवलं नाही. मी त्याला काळाचा महिमा वगैरे म्हणालो. शेखर दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला, राखीला यायचा तसा येत राहिला. स्नेहलतेच्या तिरडीलाही त्यानं खांदा दिला.

कोजागिरीच्या सकाळी मी त्यालाच फोन लावला. खरं तर पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. पण लॉक कसं बिघडलं हे सांगायची लाज वाटत होती. सांगितलं. तो हसला, आणि त्यात वाईट काही नव्हतं.

"भाऊजी, तुमी अजून त्या लॉकवरच काम करून राह्यले? नागसेनकडे जा ना. त्याच्या कॉपीले लॉक लागतच नाही."

मी म्हणालो, की त्यात तर जोडाक्षरं फुटतात. तूच सांगितलं होतंस. त्याच्या मागे कुठेतरी चहाचे कप वाजत होते.

"ते मले सांगाच लागे. तुमच्या दुकानावर पाटी होती." मग तो एकदम घडाघडा बोलत गेला. "त्याले ती कॉपी मीच देल्ली होती भाऊजी. त्याले, त्या साप्ताहिकवाल्याले, फोटोवाल्याले, ज्यानं मांगली त्याले. आता काय लपवाचं."

"काऊन?" मी एवढंच विचारलं.

"कंपनीनंच सांगतलं होतं. कागदावर नाही, तोंडी. फुकट वाटल्याशिवाय लोकायच्या बोटात बसत नाही म्हणे. एकदा बोटात बसली का दुसरी कंपनी गावात शिरत नाही. पैसे द्याले तुमच्यासारखे होतेच ना."

आणि मग, त्याच दमात, तो म्हणाला की हिमूची तारीख निघाली का, मामाचं काम आहे मले, आधीच सांगजा, सुट्टी टाकावी लागते. मी फोन ठेवून दिला.

नागसेनच्या दुकानाकडे मी चालत गेलो. आमच्याकडे कोजागिरीला बसणाऱ्या मोठ्या देवीच्या उत्सवाची गर्दी सुरू झाली होती, रस्त्यात बांबू आडवे पडले होते, प्रसादाच्या दुकानांवर नवे फलक चढत होते. प्रत्येक फलकावर ती गोल पोटाची अक्षरं. मी खाली मान घालून चालायचा प्रयत्न केला, पण तीस वर्षांची खोड, डोळे वर जातच होते. एकेक पाटी वाचत गेलो आणि एकेक पाटी मला हसत होती. हा आमच्या घरून वाटलेला माल. माझ्या ताटात जेवून, माझ्या गादीवर झोपून, सकाळी बॅग उचलून हा माणूस याच रस्त्यानं चोरी वाटत गेला, आणि संध्याकाळी येऊन माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक करत बसला. त्याला लबाड म्हणावं तर तो नोकर होता. कंपनीला म्हणावं तर ती मेलेली. मेलेल्याशी भांडता येत नाही, हा तिचा शेवटचा कावा. मालकांचे ते हात, स्नेहलतेसमोर जोडलेले, मला आठवले. घरचे म्हणजे ज्यांच्याकडून घ्यायचं ते, हे मला कोणी वेळेवर सांगायला हवं होतं. कोणी म्हणजे कोण, हे तेव्हा माझ्या मनात नव्हतं.

नागसेन मला पायरीवर पाहून उठूनच उभा राहिला. त्यानं खुर्ची पुसली, आत चहा सांगितला. तो आता पन्नाशीला आला आहे, चष्मा नाकावर घसरतो. मी खिशातला पेनड्राइव्ह काढला, घसा साफ केला आणि म्हणालो की मुलीचं मंगलाष्टक आहे, तिच्या आईनं लिहिलेलं. वाक्य पुरं होण्याआधी त्यानं हातानं थांबवलं.

"पेनड्राइव्ह राहू द्या भाऊ. आहे माह्यापाशी."

तो मशीनकडे वळला आणि त्यानं एक फोल्डर उघडला. त्यावर स्नेहलतेचं नाव होतं. आत शंभर-दीडशे फाइली, गावच्या लग्नांच्या. मला एकदम काही समजलं नाही. तो आपल्याच नादात सांगत होता, की वहिनी दुपारी यायच्या, तुमचं मशीन कामात राहे म्हणून. त्या कोपऱ्यात बसायच्या, माझी बायको वंदना त्यांना चहा द्यायची. आजारी पडल्यावरही रिक्षानं यायच्या. हे शेवटचं इथंच लिहिलं, मग पेनड्राइव्हवर घेऊन तुमच्या मशीनमध्ये टाकलं, की तुम्हाला वाटावं तिथलंच आहे. शेखरभाऊ त्यांना म्हणाले होते, ताई, घरच्या मशीनवर कॉपी टाकून देतो.

"त्या नको म्हणे," नागसेन म्हणाला. "म्हणे, यायले समजलं तर यायचा जीव जाईल."

मी चहा घेतला. तो गोड होता एवढं आठवतं. मला राग आला तो स्नेहलतेचा, आणि इतका आला की कप बशीत ठेवताना वाजला. शेखरनं फसवलं, कंपनीनं फसवलं, ते धंद्यात चालतं म्हणून सोडून देता आलं असतं. पण ही रोज माझ्यासमोर बसायची. मी प्रामाणिकपणावर बोलायचो आणि ती भाजी निवडत मान हलवायची. दुपारी देवळात जाते म्हणायची. सगळं गाव जाणत होतं, ही जाणत होती, बहुतेक हिमानीही. मी एकटा तेवढा पाटीखाली बसून होतो, आणि हे सगळे मिळून मला तिथे जपत होते. माझा जीव जाईल म्हणून. त्यापेक्षा तेव्हाच जाऊ द्यायचा होता. निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

नागसेननं फाइल उघडली. अक्षरं आली, सगळी, जोडाक्षरांसकट. एकही फुटलं नव्हतं. वराच्या नावाच्या जागी टिंबं होती. मी वाचत गेलो. आजी-आजोबा आले, माझे वडील तुळशीराम आले, माझं नाव आलं, त्याला तिनं चार ओळी खर्च केल्या होत्या, त्या मी इथे सांगणार नाही. आणि शेवटच्या कडव्यात, जिथे मुलीच्या पाठीशी मामा उभा असतो तिथे:

मामा शेखर पाठिशी सतत हा राहो उभा मांडवी

मी नागसेनला बाजूला सारलं, खुर्ची ओढली, आणि शेखर खोडला. बोटांना कीबोर्ड पाठ होता. ओळ लंगडी झाली. तिथे दुसरं काही घालायला हवं होतं. एक लांब अक्षर, दोन आखूड, तेवढ्याच मापाचं. मी टेबलावर बोटं आपटून पाहिलं, ती करायची तसं. माझ्या नात्यातली, ओळखीतली नावं आठवत गेलो, आणि बसेल असं एकही नाव मला सापडलं नाही. नुसतं वजनाला बसणारे शब्द दोन-तीन सुचले. त्यातला कोणताही मुलीच्या पाठीशी उभा राहणार नव्हता. बाहेर देवीच्या मांडवात कोणीतरी माईक तपासत होतं.

तेवढ्यात हिमानीचा फोन आला. मिळालं का, तिनं विचारलं. मी मिळालं म्हणालो. ती रडायलाच लागली. बँकेत होती बहुतेक, लगेच सावरली. मग तिनं विचारलं, "मामाचं नाव आहे ना त्यात? आई म्हणे, घालीन म्हणून. मामाले सोडून मी मांडवात उभी नाही राहणार. तुमी त्याले तारीख सांगतली ना, बाबा?"

वर्णरेखेत केलेलं मागे घ्यायची सोय एकदाच आहे. दोनदा मागे जाता येत नाही. कंपनी पुढच्या आवृत्तीत देतो म्हणायची, ते राहूनच गेलं. मी ती कळ दाबली. शेखर जागेवर आला.

"हाव," मी म्हणालो. "सांगतली."

फोन ठेवल्यावर नागसेननं कागद कोणता घेऊ विचारलं. मी म्हटलं, चांगला घे. प्रिंटर गरम होईपर्यंत तारीख सांगायला मी शेखरचा नंबर काढला. मांडवात मामा मुलीच्या मागे अगदी चिकटून उभा असतो, त्यामुळे अक्षता त्याच्याही डोक्यावर पडतात. मी मुलीचा बाप. पहिली मूठ माझीच असणार होती.